थावरा आणि सहकारी

लायब्ररीत आल्यावर सरांनी आधी पुस्तक मागितलंय, असं कधी झालं नाही. माझ्या टेबलासमोरची खुर्ची ओढायची, एक पाय दुसऱ्या गुडघ्यावर घ्यायचा आणि पॅंटच्या कडेला चिकटून आलेली कुसळं, गोखरू, आघाड्याचं बी असं एकेक काढून माझ्या टाचण्यांच्या डबीच्या झाकणात ठेवायचं, हा त्यांचा पहिला कार्यक्रम. झाकण भरलं की म्हणायचे, "फेकू नका बरं मॅडम. राहू द्या. निघन काहीतरी."

निघन म्हणजे उगवेल. हे ते बियांबद्दल म्हणत, मागच्या बाकावरच्या पोरांबद्दल म्हणत आणि कार्यालयात अडकून पडलेल्या स्वतःच्या फायलीबद्दलही म्हणत. बियांच्या बाबतीत ते बहुतेक वेळा खरं ठरायचं.

सर आमच्या पुसदच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायचे आणि मी तिथली ग्रंथपाल. असा माणूस तुम्हीही कुठल्या तरी स्टाफरूममध्ये पाहिला असेल. उंच, काटकुळे, खिशात पेनाऐवजी भिंग आणि पेन कायम दुसऱ्याचा. ते मूळचे फुलसावंगीकडच्या एका बंजारा तांड्यातले. घरी गोरबोली, आमच्याशी वऱ्हाडी, वर्गात पुस्तकी मराठी आणि परिषदेत इंग्रजी, चारही भाषा ते सारख्याच सावकाशीनं बोलायचे. मी यवतमाळच्या कारकुनी घरातली. आमच्याकडे आजोबांपासून सगळे कचेरीत, त्यामुळे कागद नीट लागलेला नसला की माझा जीव खालीवर होतो. हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे पुढे मी चिडले तर तुम्हाला नवल वाटायचं नाही.

सरांचा विषय होता तणाचं बी. उन्हाळ्यात आपल्या काळ्या मातीला भेगा पडतात, त्या भेगांतून बी किती खोल जातं, तिथं किती वर्षं जिवंत राहतं आणि मग कधी वर येतं, हे त्यांनी जन्मभर पाहिलं. लायब्ररीच्या मागच्या जागेत त्यांनी माती आणि बिया भरलेली मडकी पुरून ठेवली होती. त्यातली काही दर थोड्या वर्षांनी उकरायची आणि बाकीची त्यांच्या निवृत्तीनंतर कोणीतरी उकरायची, असा बेत होता. एकदा प्राचार्यांच्या केबिनबाहेर नवीन गुलाबाच्या कुंड्या आल्या. माती सरांनीच आणून दिली. पावसाळ्यात गुलाबाआधी गोखरू वर आला आणि पाहुण्यांच्या धोतराला लागला. प्राचार्यांनी बोलावून विचारलं तेव्हा सर म्हणाले, "माती चांगली हाय सर, म्हणूनच निघाला."

हे सगळं मजेत चाललं होतं. मग मोजणी आली.

शास्त्रज्ञाचं काम मोजायची एक रीत आता जगभर रूढ आहे. तुमचा लेख छापून आला, तो वाचून दुसऱ्या कोणी आपल्या लेखात तुमचं नाव घेतलं, की तो झाला एक उल्लेख. मग एच-इंडेक्स म्हणून एक अंक काढतात. तुमचे निदान पाच लेख असे असतील की प्रत्येकाला पाच किंवा अधिक उल्लेख आहेत, तर तुमचा अंक पाच. सहा लेखांना सहा-सहा, तर सहा. कॉलेजच्या तपासणीसाठी सगळ्यांचे हे अंक काढायचं काम ग्रंथपालाकडे, म्हणजे माझ्याकडे आलं. तोवर जी मंडळी लायब्ररीकडे फिरकत नव्हती, ती "मॅडम, माझा वाढला का?" म्हणून खिडकीतून डोकावायला लागली. रक्तातली साखर विचारतात ना, तसं.

स्टाफरूममध्ये लवकरच यावर तोडगा निघाला. पाच-सहा जणांनी चक्क उल्लेखांची भिशी लावली. या खेपेला सगळ्यांनी तुझं नाव घ्यायचं, पुढच्या खेपेला माझं. रसायनशास्त्राच्या लेखात मराठी विभागाच्या सरांचा उल्लेख मी माझ्या डोळ्यांनी पाहिला आहे. सरांनाही आमंत्रण गेलं. त्यांनी हात जोडले.

"काहून नाही म्हणालात?" मी मुद्दाम त्यांच्याच बोलीत विचारलं.

"मी त्याईचे लेख वाचले मॅडम," सर म्हणाले. "वाचले नसते तं गेलो असतो."

सरांचा अंक निघाला तीन. मी पुन्हा पाहिलं, तरी तीन. भिशीवाले दहाबारावर पोचले होते आणि ज्या माणसाकडे परदेशातून पत्रं यायची त्याचा अंक तीन. मला रागच आला. त्यांचे प्रबंधाच्या काळातले लेख सापडतच नव्हते. मी शीर्षक टाकून शोधायला लागले, तर लेख सापडले, पण लेखक दुसराच. पडद्यावर नाव होतं थावरा. पुढे सरांच्या आडनावाचं आणि नावाचं एकेक आद्याक्षर.

थावरा हे सरांच्या वडिलांचं नाव.

झालं होतं असं. आपल्याकडे दहावीच्या गुणपत्रिकेवर नाव कसं असतं? आधी आडनाव, मग आपलं, मग बापाचं. तरुणपणी सरांनी पहिले लेख टपालानं परदेशी पाठवले ते याच क्रमानं नाव लिहून. तिकडच्या माणसाला वाटलं, शेवटचं ते आडनाव. तेव्हा नोकरी नव्हती, म्हणून पत्ताही तांड्याचाच दिला होता. त्यामुळे जगाच्या यादीत वनस्पतिशास्त्रज्ञ दोन झाले. एक आमचे सर, अंक तीन. दुसरे थावरा, मुक्काम फुलसावंगीजवळचा तांडा, अंक सहा. ऑस्ट्रेलियात अशीच काळी माती आहे म्हणतात, तिथले लोक दर वर्षी लिहीत होते, "थावरा आणि सहकारी यांनी दाखवून दिल्याप्रमाणे." सहकारी म्हणजे लेखावर मागे नावं असलेले सरांचे दोन मार्गदर्शक.

मी सरांना बोलावून पडदा दाखवला. ते बराच वेळ बघत बसले. मग असे हसायला लागले की वाचनकक्षातली पोरं मान वर करून पाहू लागली.

"म्हणजे बुढा माह्यापेक्षा डबल हाय," ते म्हणाले. "आन मी त्याचा सहकारी."

त्या रविवारी ते तांड्यावर गेले आणि सोमवारी मला सगळं सांगितलं. वडील खाटेवर बसले होते. हे म्हणाले, "बा, तुझं नाव पार समुद्रापलीकडे वाचून राह्यले लोक." म्हातारबांना आधी वाटलं जमिनीची काही भानगड आहे. मग नीट समजल्यावर त्यांनी पागोटं घातलं आणि तांड्याचा प्रमुख म्हणजे नायक, त्याच्या घरी गेले. संध्याकाळपर्यंत सगळ्या तांड्याला माहीत झालं. ज्या भाऊबंदांनी एके काळी थावराला ऐकवलं होतं की पोराला शिकवलंस आणि तो परत येऊन गवतच पाहून राह्यला, ते चहाला येऊन बसले. "माहा बाप आज पह्यल्यांदा नायकाच्या बरोबरीनं खुर्चीवर बसला मॅडम," सर म्हणाले. हे सांगताना ते हसत नव्हते.

इथवर सगळं गोड होतं. पुढच्याच वर्षी सरांची प्राध्यापकपदाची संधी आली. सहयोगी प्राध्यापक म्हणून त्यांना बरीच वर्षं झाली होती आणि निवृत्ती जवळ आली होती, म्हणजे ही शेवटचीच. पगाराचं त्यांना फारसं नव्हतं. पण विभागात एक तरी प्राध्यापक असल्याशिवाय संशोधन केंद्राची मान्यता मिळत नव्हती, आणि केंद्र झालं असतं तर ती पुरलेली मडकी पुढे उकरायला कोणीतरी राहिलं असतं. त्यांच्या हाताखालच्या दोन मुली प्रबंधासाठी थांबून होत्या. निवड समितीनं मुलाखतीआधी एच-इंडेक्सची एक पातळी ठरवली होती. तीन तिथे पुरत नव्हता, सहाही पुरत नव्हता. दोन्ही खाती एक केली तर मात्र पुरून उरत होतं.

खाती एक करायची तर त्या आंतरराष्ट्रीय यादीकडे कॉलेजमार्फत अर्ज जातो. मी तो एका दुपारी तयार केला. प्राचार्य म्हणाले, "नाव वेगळं, पत्ता वेगळा. मी सही कशी करू? दोन्ही नावं एकाच माणसाची, असं प्रतिज्ञापत्र आणा." हे काही अवघड नाही. आपल्याकडे निम्म्या लोकांकडे असलं प्रतिज्ञापत्र असतं. आम्ही कोर्टासमोरच्या वकिलांकडे गेलो. वकिलांनी मजकूर अर्धा सांगितला आणि थांबले.

"सर, हे दुसरं नाव कोणाचं म्हणालात?"

"माह्या वडलाचं."

"हयात आहेत?"

"हायत ना. चांगले खुटखुटीत हायत."

"मग तुम्ही आणि तुमचे वडील एकच इसम आहात, असं मी कसं लिहू?" वकिलांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "उद्या त्यांच्या सातबाऱ्यावर कोण, आधारवर कोण? त्यातून पत्ताही त्यांचाच. आता एकच मार्ग. वडिलांचंच प्रतिज्ञापत्र करू. सदर लेख मी लिहिलेले नाहीत, सदर लेखनाशी माझा कोणताही संबंध नाही, आणि खाली त्यांचा आंगठा."

वकिलांनी कागद टाइप करून दिला, तो त्यांनी घडी करून खांद्यावरच्या शबनम पिशवीत ठेवला आणि आठवडा गेला, दुसरा गेला, कागद शबनममध्येच. मी रोज विचारायची. ते रोज म्हणायचे, "जातो ना मॅडम." शेवटी मीच म्हटलं, चला, मी येते बरोबर.

तांड्याच्या तोंडाशीच म्हातारबा उभे होते. पांढरं धोतर, डोक्याला लाल पागोटं, कानात जुनी बाळी. पोराला गोरबोलीत "काई छ?" म्हणजे काय आहे, एवढंच विचारून माझ्याकडे वळले. मी येणार हे त्यांना कळलं होतं. दोनचार म्हातारे बसवून ठेवले होते. मला खाट दिली, चहा दिला आणि मग थावरा समोर येऊन उकिडवे बसले.

"मॅडम, तुमच्या मोबाइलात दिसते म्हणते. वाचून दाखवा बरं ह्याईले."

मी मोबाइल काढला आणि मिळेल ते वाचलं. थावरा आणि सहकारी यांच्या मते बी एवढ्या खोलीवर जिवंत राहतं. थावरा आणि सहकारी यांचा प्रयोग इथेही खरा ठरला. इंग्रजीतलं वाचायची आणि मराठीत सांगायची. दर वेळी नाव आलं की म्हातारबा बाकीच्यांकडे बघायचे. एकानं विचारलं, "आन सहकारी कोण?" थावरांनी सरांच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, "हा ना."

मी सरांकडे पाहिलं. शबनम त्यांच्या मांडीवर होती. त्यांनी पुन्हा एकदा तिच्यात हात घातला आणि बाहेर काढला तेव्हा हातात रुमाल होता. त्यांनी तोंड पुसलं. मग म्हणाले, "चला मॅडम, बस जाईन."

बसमध्ये मी त्यांना खूप बोलले. म्हटलं, सर, हा वेडेपणा आहे. छापलेल्या लेखांवरचं नाव काही पुसलं जात नाही, फक्त यादीतलं खातं एक होतं. त्यांना कळणारही नाही. केंद्राचं काय, त्या मुलींचं काय, मडक्यांचं काय?

ते खिडकीबाहेर बघत होते. "नाव नाही पुसल्या जात, ते मले समजते," ते म्हणाले. "पण माह्या बापाले चार लोकाईसमोर 'माहा काही संबंध नाही' म्हणून आंगठा लावा, असं मी कसं म्हणू? वकील ते मोठ्यानं वाचून दाखवते मॅडम. वाचल्याशिवाय आंगठा घेत नाही." थोड्या वेळानं म्हणाले, "उन्हाळ्यात त्यानं मले खांद्यावर बसवून शाळेत नेलं हाय. माह्या पायात चपला नव्हत्या म्हणून. त्याच्या पण नव्हत्या." मला होता तो राग पुसद येईपर्यंत हळूहळू कुठेतरी गेला आणि मग मला फार वाईट वाटलं, ते आजही वाटतं.

अंक कमी असूनही ज्येष्ठतेमुळे त्यांना मुलाखतीला बोलावलं. समितीच्या अध्यक्षांनी बरीच तयारी केली होती. ते म्हणाले, तुमचं काम चांगलं आहे, पण उल्लेख कमी. तुमच्याच भागात थावरा म्हणून कोणी आहेत, याच विषयावर त्यांचं काम फार नावाजलेलं दिसतं. तुम्ही त्यांच्यासोबत काम का करत नाही?

"मग तुम्ही काय म्हणालात?" मी विचारलं.

"म्हटलं, करतो ना सर, लहानपणापासूनच करतो," सर म्हणाले आणि टाचण्यांच्या डबीचं झाकण पुढे ओढून गोखरू काढायला लागले.

पद मिळालं नाही. भिशीतल्या एका सरांना दुसऱ्या विभागात मिळालं, त्यांचे पेढे आम्ही दोघांनी खाल्ले. पेढे चांगले होते असं सर म्हणाले, आणि ते मनापासून म्हणाले. वर्षभरात ते निवृत्त झाले. प्रबंधासाठी थांबलेल्या दोन्ही मुली अमरावतीला गेल्या. लायब्ररीच्या मागची जागा सायकल स्टँडसाठी घेतली, तेव्हा मी प्राचार्यांशी भांडले. त्याचा उपयोग झाला नाही. मडकी खालीच राहिली आणि वर सिमेंटच्या विटा बसल्या. मी सरांना फोन केला तर मलाच समजावत होते. "राहू द्या मॅडम. विटाच्या फटीतून निघन."

पुढच्या उन्हाळ्यात सर गेले. सकाळी छातीत दुखतं म्हणाले, गाडी येईपर्यंत संपलं होतं. मला दुपारी त्यांच्या मुलीचा फोन आला. मी तशीच टेबलाशी बसून राहिले आणि पुस्तकं परत करायला आलेल्या मुलांना म्हटलं, आज नका देऊ, उद्या द्या.

तांड्यावर भेटायला गेले तेव्हा थावरा खाटेवर नव्हते, भिंतीला टेकून जमिनीवर बसले होते. पागोटं नव्हतं. डोकं उघडं आणि लहान दिसत होतं. मी शेजारी बसले. मग त्यांनी विचारलं, "लोक अजून वाचते का जी ते?"

"वाचतात बाबा."

"माह्या नावानं?"

"हो."

त्यांनी मान हलवली. "त्या दिवशी तुमी दोघं आलते, तवा त्याच्या थैलीत काहीतरी कागद होता. तीनदा हात घातला त्यानं. मले वाटलं, बिमारीचा कागद हाय आन पोरगा सांगून नाही राह्यला. मी भेवाच्या मारं इचारलं नाही. काय होतं मॅडम?"

मी सगळं सांगितलं. खोटं सांगावं असं क्षणभर वाटलं होतं, पण त्यांच्या चेहऱ्याकडे बघून जमलं नाही. पद काय होतं, अंक काय, वकील काय म्हणाले, सर बसमध्ये काय म्हणाले.

"येडा," थावरा म्हणाले. "येडा रे येडा. मले का माहीत नव्हतं? मले तं माही सही करता येत नाही, मी कवा लिवलं असन? त्यानं लिवलं आन नाव माहं लागलं, मले तेवढंच लय बेस वाटे." त्यांनी दोन्ही तळहात डोळ्यांवर धरले. मग हात खाली घेतले आणि म्हणाले, "तो कागद आणा तुमी. आता ते सारं त्याच्या नावावर करून द्या. मी आज हाय, उद्या नाही. त्याच्या पोरीले दिसलं पाह्यजे का बापानं किती केलं."

मी वकिलांना घेऊन परत गेले. वकिलांनी कागद मोठ्यानं वाचला. 'सदर लेखनाशी माझा कोणताही संबंध नाही' इथे आल्यावर थावरांनी हात वर केला.

"हे काढा."

वकील म्हणाले, "बाबा, तसं लिहावं लागतं."

"मंग माहा आंगठा नाही. मी लिवलं नाही, हे खरं हाय. संबंध नाही, हे लबाड हाय. लिवा का, ज्यानं लिवलं तो माहा पोरगा होता."

वकिलांनी खिशातून पेन काढलं, ती ओळ खोडली आणि हातानंच तसं लिहिलं. थावरांनी शाईच्या गादीवर आंगठा नीट दाबला आणि कागदावर ठेवून बराच वेळ उचलला नाही.

प्राचार्यांनी सही केली, या वेळी काही न विचारता. अर्ज गेला आणि काही आठवड्यांनी मंजूर झाला. सकाळी लायब्ररी उघडल्यावर मी पाहिलं, तर दोन खात्यांचं एक खातं झालं होतं आणि वर सरांचं पूर्ण नाव होतं. अंक समितीला हवा होता त्याहून एकानं जास्त. नियमाप्रमाणे सर आता प्राध्यापक व्हायला पात्र आहेत.